रथकारांची शेवटची पिढी

आमच्या माजघरांत पंचांगाच्या खिळ्याशेजारीं गेल्या महिन्यापासून एक चित्र लटकत आहे. थोरल्या नातवानें तें कोठून तरी छापून आणलें आणि कोणासही न विचारतां भिंतीस लावलें. घरांतील प्रत्येकानें तें आपापल्या परीनें पाहिलें. आमच्या वहिनींनीं ऐंशी ओलांडली आहे. त्यांस तो एखादा मोठा मासा वाटला. मला प्रथमदर्शनीं तें पंख नसलेलें विमान भासलें. धाकट्या सूनबाईंनीं मात्र कणीक मळतां मळतां मान वळवून एकच प्रश्न विचारला, "हिला चाकें कोठें आहेत?"

प्रश्न अगदीं मर्मावरचा होता. तें चित्र एका मोटारीचें. सन १९४९ मध्यें फ्रान्स देशांत तयार झालेली ही गाडी; इंजिन आणि सांगाडा दलाहे नांवाच्या कारखान्याचा, प्रकार १७५ एस; आणि वरचें सारें शरीर पॅरिसजवळच्या साउचिक नांवाच्या कारागिराच्या शाळेंत घडलेलें. दोनच माणसांनीं बसावें, वर छप्पर नाहीं, रंग फिका निळसर, आणि पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत चकचकीत धातूच्या रेषा पाण्याच्या लाटेसारख्या ओघळत गेलेल्या. चारही चाकें मोठमोठ्या मडगार्डांखालीं झांकलेलीं. त्यामुळें गाडी जमिनीवर उभी नसून जमिनीपासून चार बोटें वर तरंगत आहे असा भास होतो. आंतील सुकाणूचें चक्र देखील कांचेसारख्या पारदर्शक द्रव्याचें. एवढें सौंदर्य एका जागीं पाहिलें कीं माझ्यासारख्या जुन्या शिक्षकाच्या मनांत प्रथम संशयच उत्पन्न होतो. परंतु नातवाचा हट्ट पडला कीं, "आजोबा, तुम्ही हिच्यावर लिहाच." म्हणून शोध केला, आणि जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवतों.

आपल्याकडे मोटार म्हटली म्हणजे ती एकाच कारखान्यांतून आरंभापासून शेवटपर्यंत तयार होऊन बाहेर पडते, अशी समजूत आहे. पूर्वीं तसें नव्हतें. कारखानदार फक्त लोखंडी सांगाडा, ज्यास मोटारवाले चासी म्हणतात, त्यावर इंजिन, चाकें, ब्रेक आणि सुकाणू बसवून देई. ती उघडी नागडी चासी घेऊन गिऱ्हाईक दुसऱ्या कारागिराकडे जाई आणि म्हणे, "आतां ह्यावर मला अमुक प्रकारची गाडी करून द्या." जशी आपण कापडाच्या दुकानांतून कापड घ्यावें आणि शिंप्याकडे जावें, त्यांतलाच प्रकार. ह्या दुसऱ्या कारागिरास फ्रेंच भाषेंत कारोसिए म्हणतात. मूळ शब्द घोड्याच्या बग्गीवरून आलेला आहे. घोडे गेले, बग्गी करणारे राहिले, आणि त्यांनीं मोटारीस हात घातला.

संस्कृत जाणणारास येथें 'रथकार' हा शब्द सहजच आठवतो. मीमांसकांनीं ह्या एका शब्दावर केवढा खल केला आहे! वर्षाऋतूंत रथकारानें अग्न्याधान करावें, असें विधान आलें. मग हा रथकार म्हणजे रथ घडविणारा कोणताही त्रैवर्णिक, कीं त्या नांवाची वेगळी जात? शेवटीं निर्णय असा झाला कीं शब्दाच्या फोडीवरून निघणाऱ्या अर्थापेक्षां लोकांत रूढ झालेला अर्थ बलवान; अर्थात् रथकार ही वेगळी जातच. मी हें प्रकरण विद्यार्थीदशेंत घोकलें तेव्हां केवळ शब्दार्थाची कसरत म्हणून घोकलें. आज वाटतें, ज्याच्या हातच्या कामावांचून राजाचें पाऊल हलत नसे, त्याला ग्रंथकारांनीं अग्नि दिला खरा, पण उंबरठ्याच्या आंत मात्र घेतलें नाहीं. उलट ऋग्वेदांतील ऋभु पाहा. ते तिघे भाऊ कारागीरच. अश्विनीकुमारांसाठीं त्यांनीं घोड्यावांचून आणि लगामावांचून चालणारा तीन चाकांचा रथ केला, आणि त्या कौशल्यावर ते देवत्वास चढले. (ह्यावरून आमच्या पूर्वजांच्या दारीं मोटारी उभ्या होत्या, असें अनुमान कृपा करून कोणी काढूं नये. तें काम करणारे लोक आपल्याकडे पुष्कळ आहेत.)

आतां ह्या फ्रेंच रथकारांची कामाची रीत पाहूं. प्रथम गाडीचें पूर्ण आकाराचें रेखाचित्र भिंतीएवढ्या फळ्यावर काढीत. त्यावरून सुतार अ‍ॅश नांवाच्या चिवट व लवचीक लाकडाची चौकट उभी करीत. ह्या चौकटीवर पत्रा चढवावयाचा. पत्रा साच्यांत दाबून काढलेला नव्हे. सपाट पत्रा वाळूच्या पिशवीवर ठेवून लाकडी हातोड्यानें ठोकून ठोकून त्यास पोट आणावयाचें, मग दोन गोल चाकांच्या मधून पुढें मागें सरकवून तो गुळगुळीत करावयाचा, पुन्हां चौकटीवर धरून पाहावयाचा, पुन्हां ठोकावयाचा. तुकडे जोडल्यावर सांधे शिसें-कथलाच्या रसानें भरून कानशीनें घासावयाचे. त्यावर रंगाचे थरावर थर. मग चामड्याचीं आसनें, लांकडी पट्ट्या, मुठी, बिजागरी. हें सारें हातानें. म्हणून एकाच कारागिरानें एकाच नमुन्यावर केलेल्या दोन गाड्या देखील तंतोतंत सारख्या नसत.

हें वाचून मला आमच्या पुण्याच्या तांबट आळीची आठवण झाली, आणि एके दिवशीं तें चित्र घेऊन मी कसब्यांत गेलों. तेथें माझ्या परिचयाचे एक वृद्ध तांबट आहेत. बंब आणि घंगाळीं घडविण्यांत त्यांचा जन्म गेला. त्यांनीं चष्मा वर केला, चित्र उजेडाकडे धरलें, आणि पुढच्या मडगार्डावर बोट ठेवून म्हणाले, "गुरुजी, हें एका पत्र्याचें नाहीं. येथें एक सांधा आहे, आणि हा येथें दुसरा. एवढं पोट एका पत्र्यांत काढाल तर पत्रा फाटेल." मग थोडा वेळ तें पाहून त्यांनीं विचारलें, "मठारलं कोणी?" मी साउचिकचें नांव सांगितलें. ते म्हणाले, "हे मालक झाले. ठोकलं कोणी?"

साउचिक हा मूळचा मालक नव्हता, एवढें मात्र त्याच्या बाजूनें सांगितलें पाहिजे. रशियन साम्राज्यांत सन १८८० मध्यें जन्मलेला हा मनुष्य धंद्यानें फर्निचर करणारा सुतार. एकोणिसावें शतक संपतां संपतां तो पॅरिसला आला, आणि १९०६ मध्यें शेजारच्या न्यूयी गांवीं त्यानें स्वतःचें दुकान थाटलें. पॅरिसच्या उंची गाड्यांत ज्याची ख्याति सर्वांत भपकेदार म्हणून झाली, तो असा परदेशांतून आलेला सुतार. त्याचा प्रतिस्पर्धी फिगोनी हाही इटलींतून आलेला. फ्रेंच सौंदर्याचा म्हणून जो नमुना जगभर दाखविला जातो, त्यांतील पुष्कळसा असा परक्या हातांनीं घडलेला आहे.

दलाहेची हकीकत त्या मानानें साधी. एमिल दलाहे नांवाच्या यंत्रविशारदानें तूर गांवीं १८९४-९५ च्या सुमारास मोटारी करण्यास आरंभ केला. पुढें कारखाना पॅरिसला आला, आणि शार्ल वाइफनबाख नांवाच्या व्यवस्थापकानें तो जवळजवळ अर्धशतक सांभाळला. ह्या कारखान्याची कीर्ति शोभेच्या गाड्यांची नव्हे; मालवाहू मोटारी आणि आगीचे बंब हें त्याचें पोट भरण्याचें साधन. १९३५ मध्यें निघालेल्या १३५ ह्या प्रसिद्ध गाडीचें इंजिन देखील मालमोटारीच्या इंजिनावरून सुधारून घेतलेलें. परंतु सुधारणा अशी उतरली कीं १९३८ मध्यें ल मां येथील चोवीस तासांची शर्यत ह्याच गाडीनें जिंकली. रावसाहेबांच्या पागेंतील घोड्यास नांगराच्या बैलानें मागें टाकावें, तसें झालें.

मग युद्ध आलें, जर्मनांचा अंमल आला आणि गेला. आणि आतां आपल्या विषयाचा खरा गाभा येतो.

सन १९४६ च्या ऑक्टोबरांत पॅरिसच्या ग्रां पाले ह्या भव्य वास्तूंत युद्धानंतरचें पहिलें मोटारप्रदर्शन भरलें. लोकांची अलोट गर्दी झाली, आणि ज्यांच्या पायांत धड जोडा नव्हता ते सुद्धां आले. त्या एका छपराखालीं दोन गाड्या होत्या. एक, नुकत्याच राष्ट्राच्या मालकीच्या झालेल्या रेनो कारखान्याची '४ सीव्ही': लहानशी, वाटोळी, पाठीमागें जेमतेम पाऊण लिटरचें इंजिन, चार माणसें कशीबशी बसतील अशी. दुसरी, दलाहेची नवी १७५: साडेचार लिटरांचें सहा नळकांड्यांचें इंजिन, आणि लांबी पाहिली तर रेनो तिच्या पोटांत मावेलशी वाटावी. शेजारींच फिगोनीनें १३५ च्या सांगाड्यावर केलेली एक गाडी होती; तिचें नाक देवमाशाच्या तोंडासारखें पुढें आलेलें. आमच्या वहिनींचें अनुमान, सारांश, अगदींच चुकीचें नव्हतें.

आणि बाहेर? बाहेर शिधापत्रिका होत्या. पुढच्याच वर्षीं, १९४७ मध्यें, फ्रान्समध्यें पावाचा शिधा माणशीं रोज २०० ग्रॅमपर्यंत उतरला. ज्या देशांत पाव म्हणजे आपली भाकरी, त्या देशांत! शिधावाटप पूर्णपणें बंद होण्यास १९४९ साल उजाडावें लागलें. म्हणजे आमच्या भिंतीवरची ही निळी गाडी ज्या वर्षीं घडली, तेंच वर्ष.

हें वाचल्यापासून तें चित्र मला पूर्वींसारखें निर्मळपणें पाहतां येईना. १९७२ च्या दुष्काळांत मी बारा वर्षांचा होतों. रेशनच्या दुकानांतून तांबडी मिलो मिळे. तिच्या भाकऱ्या आमच्या आईनें किती थापल्या असतील त्यास गणती नाहीं. एके दिवशीं मी पिशवी घेऊन रांगेंत उभा असतांना रस्त्यावरून एक वरात गेली. नवरदेवाची मोटार उघडी, लांबलचक, फुलांनीं मढविलेली. मी ती पाहत राहिलों, रांगेंतून दोन पावलें बाहेर आलों, आणि माझी पाळी गेली. दुकानदारानें पुन्हां शेवटीं उभें केलें. माझा नंबर येईपर्यंत धान्य संपलें. घरीं आल्यावर आईनें कारण विचारलें; मी खरें सांगितलें. ती रागावली नाहीं. तिनें एवढेंच विचारलें, "छान होती का रे?"

तेव्हां भुकेल्या देशांत अशा गाड्या घडविणें हें पाप कीं नव्हे, ह्यावर न्यायासनावर बसून निकाल देण्यास मी लायक नाहीं. पण प्रश्न टाळतांही येत नाहीं. त्या वेळच्या फ्रेंच सरकारनें तो आपल्या परीनें सोडविला होता. पॉल-मारी पों नांवाच्या अधिकाऱ्याच्या आराखड्यानें ठरवून टाकलें कीं कोणत्या कारखान्यानें काय करावें: रेनोनें लहान गाडी करावी, सित्रोएंनें अमुक करावी, प्यूजोनें तमुक. त्या आराखड्यांत उंची गाड्यांस जवळजवळ जागाच नव्हती. दलाहेनें मालमोटारी कराव्या, अशी अपेक्षा. पोलाद मोजून मिळे, आणि जो माल परदेशीं विकून डॉलर आणील त्याचा हात वर राही. अमेरिकेचा कोळसा आणि गहूं घ्यावयाचा तर डॉलर पाहिजेत. तेव्हां श्रीमंत परदेशी गिऱ्हाइकास गाडी विकणें हें देशकार्यच, असा युक्तिवाद करतां येई, आणि केला जाई. तो अगदींच खोटा नव्हता. परंतु १७५ आणि तिच्या १७८ व १८० ह्या लांब बहिणी मिळून सारी संख्या शंभर-सव्वाशेच्या आसपास. तेवढ्या गाड्यांच्या डॉलरांत गव्हाचीं किती जहाजें येणार! कारखान्याचें मोठेपण टिकलें, एवढाच त्याचा अर्थ.

आमचा पुतण्या चिंचवडकडील एका मोटारीच्या कारखान्यांत अभियंता आहे. रविवारीं जेवणावर हा विषय निघाला तेव्हां तो म्हणाला, "काका, तुम्ही रेनोला नांवें ठेवूं नका. ती लहान गाडी अकरा लाखांवर खपली. अकरा लाख कुटुंबांच्या दारीं पहिल्यांदा मोटार आली. तुमच्या साउचिकनें किती जणांना बसवलं?" मी म्हणालों, "मी कोठें नांवें ठेवलीं?" पण त्यानें माझें मन ओळखलें होतें. त्याचें म्हणणें असें कीं, एका गाडीच्या मडगार्डावर महिनेच्या महिने ठोकत बसणारा कसबी कारागीर जर साचे करण्याच्या कामीं लागला, तर त्याच्या हाताचा गुण लाख घरांत पोंचतो. ह्यावर मला चटकन् उत्तर सुचलें नाहीं. नंतर सुचलें तें असें कीं, साच्याचें काम करणारा कसबी मनुष्य आधीं कोठें शिकतो? परंतु तोपर्यंत ताक होऊन तो हात धुण्यास उठला होता.

हे रथकार मेले ते केवळ गरिबीनें किंवा सरकारी रोषानें नव्हे. मोठ्या इंजिनाच्या गाड्यांवर जबर कर बसला, हें खरें. परंतु मुख्य घाव निराळाच होता. सित्रोएंनें १९३४ मध्येंच अशी गाडी काढली होती कीं जिला वेगळा सांगाडाच नाहीं. दाबून काढलेल्या पत्र्याचें शरीर हेंच तिचें अस्थिपंजर. युद्धानंतर सारे कारखाने त्या मार्गानें गेले. जेथें सांगाडा आणि शरीर एकच, तेथें दुसऱ्या कारागिरानें काय चढवावें? कासवास अंगरखा शिवणारा शिंपी मिळणार नाहीं. शिवाय १९४८ मध्यें लंडनच्या प्रदर्शनांत इंग्रजांच्या जॅग्वार कारखान्यानें एक्सके १२० ही गाडी मांडली. ताशीं १२० मैल वेग, आणि किंमत करावांचून हजार पौंडांच्या आंत. ती पाहिल्यावर दलाहेच्या चासीसाठीं, आणि वर पुन्हां साउचिकच्या मजुरीसाठीं, कोण पैसे मोजणार?

त्यांत १७५ मध्यें स्वतःचाही दोष होता, आणि तो लपविण्याचें कारण नाहीं. तिच्या पुढच्या चाकांस द्युबोने पद्धतीची स्प्रिंगांची यंत्रणा होती; हलक्या गाडीस ती उत्तम. पण रथकारांनीं वर जें सौंदर्य चढविलें त्याचें वजन फार. त्या भाराखालीं ती यंत्रणा मोडूं लागली, गिऱ्हाइकें तक्रारी घेऊन येऊं लागलीं, आणि कारखान्याचा नफा दुरुस्तींत गेला. चासी करणारानें शरीर पाहिलें नाहीं, शरीर करणारानें चासीचें बळ मोजलें नाहीं. दोन स्वतंत्र बुद्धींच्या मधल्या फटींत गाडी मोडली. सूनबाईंच्या प्रश्नाचेंही उत्तर येथेंच आहे. चाकें झांकलीं कीं तीं वळण्यास आंत जागा पाहिजे, म्हणून मडगार्ड आणखी फुगवावें लागतें. ब्रेक तापतात त्यांस वारा मिळत नाहीं. आणि चाक पंक्चर झालें तर काय वैताग, हें सांगावयास नको. आणि तरी, नशीब पाहा, १९५१ ची माँटे कार्लोची अवघड दौड ह्याच १७५ नें जिंकली, त्रेवू आणि क्रोवेत्तो ह्या जोडीच्या हातून.

एका गोष्टीचा उल्लेख केल्यावांचून माझा नातू मला सोडणार नाहीं. त्या काळच्या उंची फ्रेंच गाड्यांत कोताल नांवाची गिअरपेटी असे. तींत दांतेरीं चाकें नेहमीं एकमेकांत अडकलेलींच. कोणत्या चाकास थांबवावें हें विद्युच्चुंबक ठरवितात. सुकाणूच्या खालीं बोटाएवढी एक कळ. ती इकडून तिकडे सरकविली कीं गिअर बदलला, क्लच दाबावयास नको. पुढें जावयाचें कीं मागें, हें ठरविणारा दांडा मात्र निराळा. म्हणून ती गाडी चारही गिअरांत उलटी देखील धांवूं शके! कोणी तसें केलें असेल तर त्यास माझा नमस्कार. आणखी एक गंमत: फ्रान्समध्यें वाहनें रस्त्याच्या उजव्या बाजूनें चालतात, तरी जुन्या उंची गाड्यांचें सुकाणू आपल्याप्रमाणेंच उजवीकडे असे. अमेरिकन गिऱ्हाइकासाठीं १७५ च्या वेळीं तें डावीकडेही मिळूं लागलें. मोठेपणाला व्यापारानें दिलेली ती पहिली मुरड.

शेवट लवकर झाला. १९५४ मध्यें दलाहे हॉचकिस कारखान्यांत विलीन झाली आणि तिच्या मोटारी बंद पडल्या. पुढच्या वर्षाच्या सुमारास साउचिकचें दुकान मिटलें. शाप्राँ नांवाचा एक रथकार तेवढा तग धरून राहिला. सित्रोएंच्या तयार गाड्यांचीं छपरें कापून त्या उघड्या करणें, फ्रान्सच्या अध्यक्षांसाठीं १९७२ मध्यें खास गाड्या करून देणें, असलीं कामें त्यानें केलीं. तेंही घराणें १९८५ मध्यें संपलें. आपल्याकडे इंदूरचे यशवंतराव होळकर हे अशा गाड्यांचे मोठे शोकी. १९३० च्या दशकांत त्यांनीं अमेरिकन ड्यूसेनबर्ग चासीवर लंडनच्या कारागिराकडून शरीर चढवून घेतलें होतें. संस्थानें गेलीं तेव्हां तें गिऱ्हाईकही गेलें.

आमच्या चित्रांतली गाडी मात्र जगली. ती कांहीं काळ इंग्रज नटी डायाना डॉर्स हिच्या मालकीची होती. पुढें हातोहात फिरत ती अमेरिकेंत पोंचली, आणि २०१० मध्यें लिलावांत तिची किंमत तीस लाख डॉलरांच्या वर गेली. तिच्या अनेक भावंडांच्या नशिबीं हें नव्हतें. किंमती वाढल्या कीं दुसराच एक रोग जडतो. साध्या चार दारांच्या गाडीचें अस्सल शरीर काढून टाकावयाचें आणि त्याच चासीवर जुन्या छायाचित्रांवरून नवें, अधिक देखणें शरीर चढवावयाचें. मग ती गाडी जुनी म्हणावी कीं नवी? हा प्रश्न मोटारवाल्यांस नवा असेल, आम्हां पोथीवाल्यांस नाहीं. भांडारकर संस्थेच्या पंडितांनीं महाभारताची चिकित्सक आवृत्ति १९६६ पर्यंत सिद्ध केली तेव्हां त्यांनीं हेंच केलें: कोणता श्लोक मूळचा, कोणता मागाहून घुसडलेला, हें शेंकडों पोथ्या ताडून ठरविलें, पण जें प्रक्षिप्त ठरलें तें फेंकून दिलें नाहीं, तळटिपांत आणि परिशिष्टांत जपून ठेवलें. लाखो डॉलर खर्चून गाडी चकचकीत करणारांनीं एवढी तरी शिस्त पाळावी. चार दारांची साधी गाडी हीही कोणाच्या तरी हातची होती.

तांबटांचा प्रश्न अजून माझ्यापाशीं तसाच आहे. गाडीच्या अंगावर एक लहानशी पितळी पट्टी असते. तीवर दुकानाच्या मालकाचें नांव. ठोकणाराचें, सांधा भरणाराचें, चामडें शिवणाराचें नांव कोठेंही कोरलेलें नसतें. मी त्यांस तसें जाऊन सांगितलें. ते हंसले, समोरचें घंगाळ उलटें करून त्याचा तळ मला दाखविला, आणि पुन्हां कामास लागले. तळावर घेणाऱ्या बाईचें नांव होतें, पुढें सालाची जागा रिकामी.

घरीं आलों तर वहिनी आणि नातू ह्यांची तक्रार चालू होती. अधिक मासाचें कांहींतरी पाहावयास त्यांस पंचांग हवें होतें, आणि चित्राच्या कडेखालीं तें अर्धें दडलें होतें. सूनबाईंनीं दुसरा खिळा ठोकला. मासा आतां खिडकीशेजारीं आहे.